उंबऱ्यावरचे डबे

बाबा गेले ते शिमगा उलटल्यावर, मिरच्यांच्या दिवसांत. कसे गेले ते मी इथे लिहिणार नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे, ज्याला नाही त्याला ते कळून काही मिळणार नाही. स्वतःहून गेले, एवढं पुरे. शाळा मला आणि मी शाळेला फार काळ सोसलो नाही, त्यामुळे लिहायचं म्हटलं की माझा हात जड होतो, पण हे एवढं वाक्य लिहायला जो उशीर झाला तो काही हातामुळे झालेला नाही. आज मी माझ्या बापापेक्षा जवळपास दुपटीनं म्हातारा आहे. ते समोर येऊन उभे राहिले तर मलाच काका म्हणतील.

काळाचौकीच्या चाळीत एका खोलीत आम्ही तिघं. मी सोळा-सतराचा, एकुलता एक. आई लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायला जायची, त्यामुळे आमच्या घरात बाराही महिने कुणाला तरी शिंक यायचीच. तिच्या लुगड्याला, उशीला, माझ्या एकुलत्या एक चांगल्या शर्टाला, सगळ्याला बेडगी मिरचीचा वास. पावसाच्या आधीचे दोन-तीन महिने लालबागला डंक दिवसभर धडधडत असायचे. डंक म्हणजे मसाला कुटायची ती उभी लोखंडी मुसळं. घरी आल्यावरही आईच्या कानात ती वाजत असणार, कारण ती बोलायची ते पार जिन्यापर्यंत ऐकू जायचं. बाबा हळू बोलायचे. गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खणखणाटात दिवस काढणारा माणूस घरी इतकं हळू कसं बोलतो याचं मला नवल वाटे. रविवारी कोलंबी आली की सोलायला बाबा बसायचे. गॅलरीत पाट टाकायचा, बाजूला चाळीचं मांजर, आणि त्या मांजराशी त्यांचं चालायचं, "थांब गो बाये, घाई कित्याक? तुझो वाटो काढलंय मी." आमच्या वाट्याला जेवढं बोलणं यायचं त्याहून जास्त त्या मांजरीला मिळायचं. शेवटच्या दिवसांत ते तिच्याशीही बोलेनासे झाले. मला ते दिसलं होतं. पण बाप मांजराशी बोलत नाही, ही काय कुणाला जाऊन सांगायची गोष्ट आहे?

घोडपदेवला बाबांचे थोरले भाऊ राहायचे. स्मशानातून परत आल्यावर त्यांनी मला आणि आईला समोर बसवलं आणि सांगितलं, "कोणी इचारला तर हार्ट फेल. समाजला? त्येच्यापुढे एक शब्द नाय." आईनं मान हलवली. मीही हलवली. आता गंमत अशी, की चाळीत दोन वेळा पोलीस येऊन गेले होते. खालच्या पानवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पण काकांचा शब्द म्हणजे घराण्याची अब्रू, आणि मीही त्याच घराण्याचा, मानेचा कडक. "हार्ट फेल," मी सांगत गेलो. समोरचा माणूस खाली बघून "हो का, अरेरे," म्हणत गेला. त्याला ठाऊक की मी खोटं बोलतोय, मला ठाऊक की त्याला ठाऊक आहे, आणि मग दोघांनाही पुढे बोलायला काही उरत नसे.

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, नात्यातले जेवण आणतात, आणि नुसतं आणत नाहीत, बसतात. बाया आईला चिकटून बसणार, रडणार, गेलेल्याच्या दहा गोष्टी काढणार, मध्येच कुणीतरी एखादी हसवणारी गोष्टही सांगणार, आणि जबरदस्तीनं दोन घास खायला लावणार. शेजारच्या आजी गेल्या तेव्हा त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे डबे आले. पिठलं आलं, भाकऱ्या आल्या, डाळभात आला, एकीनं तर काळ्या वाटाण्याची आमटी आणली होती, दुखवट्यात इतकी चांगली आमटी मी पुन्हा खाल्ली नाही. पण डबा उंबऱ्यावर ठेवला जायचा, कडीचा एवढासा आवाज व्हायचा, आणि मी बाहेर येईपर्यंत पाठमोरं लुगडं जिन्याकडे वळलेलं असायचं. डबे आले, माणसं आली नाहीत. वाईट नव्हती हो ती माणसं. ती आत येऊन बोलणार काय? खरं बोलायची सोय आम्ही ठेवली नव्हती, आणि खोटं बोलत घटकाभर बसणं कुणाला जमतं? रिकामे डबे मीच दारोदार परत द्यायचो. "आई बरी?" "बरी." की दार तिथल्या तिथे अर्धं होई.

आणि आई बरी नव्हती. जिन्यापर्यंत जिचा आवाज जायचा ती बाई भिंतीला टेकून बसायची आणि बोलावलं तर दुसऱ्या हाकेला वळायची. वेणी घातली तर घातली. मला एकच भीती पडली, आणि ती कसली ते सांगायला नको. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टो आणि रॉकेलचा डबा घरातून हलवला आणि खालच्या पानवाल्याच्या फळीखाली नेऊन ठेवला. विळी, औषधाच्या बाटल्या, जे जे डोळ्याला खुपलं ते ते हळूहळू घराबाहेर गेलं. त्याआधी आमच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत भांडीकुंडी होती. त्यानंतर प्रत्येक वस्तू माझ्याकडे बघायला लागली. आई गॅलरीच्या टोकाला संडासला गेली की मी बाहेर उभा. जरा उशीर झाला की खोकायचो. तिनं आतून खोकलं की जीवात जीव यायचा. शेजारचे काका एकदा म्हणाले, "काय रे, घसा धरलाय काय दोघांचा?" रात्री मी दाराला पाठ लावून बसायचो. डोळा लागायचा, पण पापणीला मीठ लावल्यासारखा लगेच उघडायचा, आणि अंधारात मी आधी तिचा श्वास शोधायचो. माझ्या स्वतःच्या छातीतली धडधड इतकी मोठी असायची की तिचा श्वास ऐकूच यायचा नाही. मग मी उठून तिच्या नाकापाशी हात न्यायचो, तर ती डोळे उघडे ठेवून पडलेली.

हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात मी घड्या घालायला होतो. गिऱ्हाईकानं विस्कटलेल्या साड्या पुन्हा होत्या तशा बांधायच्या. तेरावं झाल्यावर डबे थांबले, आमचं पाव आणि खालच्या चहावर चालू लागलं, आणि शेठचा निरोप आला, येतोयस की दुसरा बघू? आईला एकटी सोडून जाणं शक्य नव्हतं आणि कुणाला "जरा लक्ष ठेवा" म्हणणं म्हणजे हार्ट फेलची गोष्ट माझ्याच तोंडानं खोटी पाडणं. मग मी काय केलं, आईलाच बरोबर घेऊन गेलो. दुकानाच्या पायरीवर बसवली. ती बिचारी बसली. मी आत घडी घालतोय, एक डोळा साडीच्या काठावर, एक पायरीवर. दुपारी शेठनं हाक मारली.

"अरे, ती बाहेर बसलेली तुझी आई आहे?"

"होय."

"सांगायचं ना! मला वाटलं गिऱ्हाईक आहे, दमलंय. दोन वेळा पाणी पाठवलं, वर थंडा पाठवला. म्हटलं पैठणी घेणार आज ही."

दुकानातली पोरं हसली. मी हसलो नाही. शेठ माणूस वाईट नव्हता, त्यानं हळूच विचारलं, "घरी काय प्रॉब्लेम आहे का?" मी म्हणालो, काही नाही. त्या दिवसापासून मी दुकानात गेलो नाही. मला कुणी दया दाखवलेली तेव्हाही खपत नव्हती, आताही खपत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागत बसणार नाही.

मध्येच आजचं सांगतो, म्हणजे हे सगळं आता का काढलं ते कळेल. माझ्या नातीची कॉलेजातली जिवलग मैत्रीण गेल्या वर्षी अशीच गेली. पोरगी खचली. मग कुणीतरी सांगितलं की दादरला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये असं माणूस गमावलेल्यांची बैठक भरते, मागे राहिलेल्यांची. तिला तिथे घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. खुर्च्या गोल मांडलेल्या, कागदी कपात चहा, मारी बिस्किटं. एक तरुण बाई ती बैठक चालवते, तिला सगळे ताई म्हणतात. तिचा भाऊ गेलाय. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला काही बोलायचंय?" मी म्हटलं, "मी सोबतीला आलोय." दुसऱ्या खेपेलाही म्हटलं, सोबतीला आलोय. पण माझी जी खुर्ची मी भिंतीला लावून घेतली होती ती तिनं प्रत्येक वेळी थोडी पुढे ओढून ठेवलेली असायची. तिथे एका पोरानं सांगितलं की त्याचे वडील गेल्यापासून तो ऑफिसात बसून घटकेघटकेला आईला फोन लावतो, आणि तिनं उचलायला उशीर केला की लगेच शेजारणीला लावतो. मला एकदम संडासाबाहेरचं माझं खोकणं आठवलं. ताई त्याला म्हणाली, "आईला सरळ विचारलंत का, तिच्या मनात तसं येतं का?" पोरगा घाबरला. "असं कसं विचारायचं? विचारलं आणि तिच्या डोक्यात शिरलं तर?" ताई म्हणाली, "विचारल्यानं शिरत नाही. असलं तर बाहेर यायला वाट मिळते." मी चहाचा कप खाली ठेवला. कारण हा प्रश्न आमच्या घरात एका बाईनं विचारलेला मी ऐकला आहे, आणि त्या वेळी मी त्या बाईच्या अंगावर धावून गेलो होतो.

तिचं नाव हौसाबाई. समोरच्या चाळीत राहायची, बौद्ध घरातली, आईबरोबर मिरच्या खुडायला. दोघी वर्षानुवर्षं एका गोणीच्या दोन बाजूंना बसलेल्या. बाबा गेले तेव्हा ती पोरीच्या बाळंतपणाला पनवेलला होती. ती परत आली ती थेट आमच्या खोलीत, डोक्यावर मिरच्या-धण्यांचं गाठोडं घेऊन. आता हे समजून घ्या, की साठवणीचा मसाला भाजायला आईसारखा हात आमच्या भागात नव्हता. दर वर्षी चारी बाजूच्या बाया धणे, मिरच्या, दगडफूल घेऊन आमच्या गॅलरीत रांगेनं यायच्या. त्या वर्षी एकही आली नव्हती. असं मरण झालेल्या घरातली वर्षाची साठवण कोण नेणार? आईनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, पण बाहेर कुणाच्या हातात सूप दिसलं की तिची मान वळायची आणि परत भिंतीकडे जायची.

हौसाबाईनं गाठोडं आईच्या पुढ्यात टाकलं आणि मांडी घालून बसली. आत येऊन बसलेली ती पहिली.

"सुले, माझा मसाला राहिलाय. भाजून दे."

आई भिंतीकडेच बघत राहिली. मी म्हणालो, "मावशी, आईला बरं नाही. आणि घरात स्टो नाहीये."

"स्टोला काय झालं?"

"दुरुस्तीला दिलाय."

"पानवाल्याकडे?" हौसाबाई म्हणाली. "त्यो मला आत्ताच विचारत होता, बाई, ये चूल्हा कब तक सँभालूँ."

माझे कान तापले. ती माझ्याकडे बघून थांबली, मग आवाज खाली आणून आईला म्हणाली, "सुले, माझी थोरली बहीण तशीच गेली. तुझ्या मालकासारखी. तापानं गेली म्हणून सांगितलं आम्ही. माझी आय मरेपर्यंत ताप ताप करत बसली. एकटीच. तिला कुणी काय विचारलंच न्हाय, तापाचं काय विचारणार? म्हणून मी विचारते. तुला पण जावंसं वाटतंय का गं? त्याच्या मागं?"

मी उठलो तो पाटच लाथाडून उठलो. "मावशी! तोंड सांभाळ! निघ इथून, आधी निघ!" बाहेर गॅलरीतलं बोलणं थांबलं. हौसाबाई जागची हलली नाही.

"वरडू नको. तू रोज तोंडावर हेच घेऊन हिंडतोयस. मी फक्त बोलले."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता दरवाजा उघडला, आता ती "हो" म्हणेल आणि मग मी काय करू? तिनं गाठोड्याची गाठ सोडली. एक मिरची उचलली, सवयीनं देठ खुडलं. दुसरी उचलली. बाहेर कुणी बादली ठेवली त्याचा आवाज आला. मग आई बोलली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा पुरं वाक्य.

"सकाळी वाटता. जाग इली काय वाटता. दुपारी कमी."

हौसाबाईनं मान डोलावली, जणू भाजीचा भाव ऐकला. "मग सकाळी मी येते. जाग आली की भिंतीकडे बघत बसायचं न्हाय, खिडकीत यायचं, मला हाक मारायची. नाय आवाज आला तर पदर हलव. दुपारी दुकानात, माझ्या डोळ्यांसमोर. संध्याकाळी हा हाय."

"आणि ह्येका कोण बघतलो?" आई म्हणाली.

"ह्याला काय धाड भरलीय?"

"झोपना नाय गो तो." आईचा आवाज चढला, जिन्यापर्यंत गेला असेल. "रातभर दाराक पाठ लावन बसता. कामाक जायना नाय. माझ्या तोंडाकडे बघीत ऱ्हवता. बापूस पण असोच बसायचो शेवटाक. माका वाटता, डोळो मिटलो काय हो पण गेलो. म्हणान मी जागी ऱ्हवतंय."

मी म्हणालो, "मी? मी कशाला जातोय? मी तर तुझ्यासाठी..."

हौसाबाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि कपाळावर हात मारून हसली. "वा रे वा! दोन वॉचमन आणि बंगला एकच! अरे, एकानं तरी ड्युटी सोडा!" बाहेर गॅलरीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. आई हसली नाही, पण तिनं माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवस मी तिच्याकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघतेय हे मला तेव्हा कळलं.

"स्टो आण," आई म्हणाली.

मी उभाच. खरं सांगतो, तेवढं सगळं ऐकूनही माझे पाय निघेनात. हौसाबाई म्हणाली, "जा रे. मी हाय ना बसलेली." मी खाली गेलो, आणि पानवाल्यानं फळी उचलून स्टो काढून दिला तेव्हा परत वर न्यावा की घोडपदेवला काकांकडे टाकून यावा या विचारात तिथे बराच वेळ उभा राहिलो. रॉकेलचा डबा मी वर नेला नाही. स्टोच्या टाकीत होतं तेवढं होतं. त्यानंतर पुष्कळ दिवस रॉकेल मीच वाटीनं मोजून आणून भरत होतो आणि आईनं त्याबद्दल मला कधी विचारलं नाही. आजही मला वाटतं की तेवढं मी बरोबर केलं.

आईनं गॅलरीत स्टो लावला. धणे भाजले, ते फुटायला लागल्याचा वास आला तेव्हा दोन दारं उघडली. मिरच्या कढईत पडल्या तेव्हा सगळा मजला ठसकायला लागला. लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईच्या नाही, तिला मिरचीची सवय होती, आणि रडणं तिला पुढे पावसाळ्यात आलं, ते आलं तेव्हा महिनाभर थांबलं नाही. पलीकडची वहिनी नाकाला पदर लावून आली आणि म्हणाली, "शेजारीण, एवढी करपवता कशाला?" आई म्हणाली, "करपली नाय. तुमचा नाक करपला." मग ती वहिनी तिथेच टेकली. आणखी एक आली. कुणीतरी, कोण ते आता आठवत नाही, हळूच म्हणालं, "भाऊ मांजराशी किती छान बोलायचे हो." माझ्या बापाबद्दल चाळीत कुणी काढलेली ती पहिली गोष्ट. काकांना हे सगळं कळलं तेव्हा ते आमच्याशी वर्षभर बोलले नाहीत. आम्हीही गेलो नाही समजूत काढायला.

मी खोलीच्या दारात बसलो होतो, नजर आईच्या हातावर. कालथा कढईला घासल्याचा आवाज येत होता, बायांच्या गप्पा येत होत्या, आणि माझी मान सारखी छातीवर पडत होती. मी ती उचलायचो, परत पडायची. आईनं न वळता म्हटलं, "आडवो पड जरा."

"नको. झोप नाही येत."

"पड म्हणतंय ना."

"तू उठवशील?"

"उठवतंय."

"नक्की?"

"उठवतंय सांगतलंय मां एकदा!" तिनं कालथा आपटला.

मी उंबऱ्यावरच आडवा झालो, अर्धा आत, अर्धा गॅलरीत, येणाऱ्याजाणाऱ्याला ओलांडावं लागेल असा. डोळे मिटायला मला सगळं धैर्य गोळा करावं लागलं. पोरगा होतो, पण इतकं घाबरून मी नंतर आयुष्यात काहीच केलेलं नाही. मग काय झालं ते मला माहीत नाही. स्वप्न नाही, काही नाही.

पाठीला पायाचा अंगठा लागला. ऊन उतरलं होतं. आई उभी होती, हात कोपरापर्यंत लाल, काखेत कळशी.

"ऊठ रे," ती म्हणाली. "पाणी इला."